लिंक का पडत होती?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही जुन्या आठवणी सांगा." पण माझ्याआधी तीन वक्ते झाले. बोअरला पाणी लागलं तो दिवस, कन्व्हेयन्ससाठी घातलेले हेलपाटे, पहिला गणपती, कोजागरीला नासलेलं दूध, सगळं सांगून झालं. माझ्या वाट्याला उरलं आहे ते कोणी आपणहून सांगणार नाही असं एक प्रकरण. आपल्या अ आणि ब इमारतींमधल्या वायरलेस लिंकचं.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसा, हरकत नाही. मी 34 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कागदी लेजरवर. मोबाईलवरून पैसे पाठवताना आजही रक्कम दोनदा वाचतो आणि मग आमच्या सौ.ना वाचायला देतो. असा माणूस वायरलेसवर काय बोलणार? थोडं तांत्रिक बोलेन, मला जेवढं समजलं तेवढंच. आणि शेवटी एक कबुली देणार आहे. ती चारचौघांत द्यायची होती, म्हणून आज माइक घेतला.

नव्या सभासदांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपली संस्था एक, पण इमारती दोन, आणि मधून महापालिकेचा रस्ता. कार्यालय, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि इंटरनेटची मुख्य जोडणी अ इमारतीत. पलीकडे ब इमारत, तिचं फाटक, पार्किंग आणि मोटरघर. 7 वर्षांपूर्वी ब इमारतीत कॅमेरे बसवायचं ठरलं, तेव्हा पलीकडचं चित्र अलीकडे आणायचं कसं हा प्रश्न आला. रस्त्याखालून केबल न्यायची तर खोदाईची परवानगी, तिचं शुल्क, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. वरून लोंबती केबल टाकायची तर पहिला उंच ट्रक ती घेऊन जाणार. म्हणून दोन्ही गच्च्यांवर एकेक अँटेना बसवली, एकमेकींकडे तोंड करून. मधलं अंतर सुमारे 120 मीटर. फाटकावरचा कॅमेरा, पार्किंगचे दोन कॅमेरे आणि दोन्ही फाटकांमधला इंटरकॉम, सगळं त्या वाटेने जाऊ लागलं. मार्च महिन्यात काम झालं, चित्र आरशासारखं स्वच्छ. बिल मंजूर केलं आणि विसरलो.

पहिली दोन वर्षं तक्रार नव्हती. मग हळूहळू सुरू झालं. कधी चित्र गोठायचं, कधी इंटरकॉमवर अर्धंच वाक्य यायचं, कधी पडदा काळा. दहा मिनिटांनी आपोआप ठीक. लिंक कायमची बंद पडली असती तर बरं झालं असतं, बंद वस्तू दुरुस्त करता येते. मधूनच पडणारी आणि माणूस बघायला आला की शहाण्यासारखी चालणारी वस्तू फार त्रास देते. आमच्या शाखेत अशी एक नोटा मोजायची मशीन होती, दुरुस्तीवाला आला की एक नोट चुकायची नाही.

मग प्रत्येकाचा आपापला सिद्धांत. कोणी म्हणालं, कबुतरं अँटेनावर बसतात. कोणी म्हणालं, समोरच्या मोबाईल टॉवरमुळे होतं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, अमावस्येच्या आसपास जास्त पडते, मी पाहिलंय. तंत्रज्ञ यायचा, यंत्र बंद करून चालू करायचा, लिंक यायची, तो सही घेऊन जायचा. एकदा त्याने अ इमारतीतला अडॅप्टर बदलला. ब चा बदलला नाही, कारण ब च्या गच्चीची किल्ली त्या दिवशी सापडली नाही. एकदा त्याने यंत्राची शक्ती पूर्ण वाढवून ठेवली. फरक पडला नाही.

बँकेत ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची एक सोय असते. तात्पुरती सोय. पण रक्कम तिथे टाकली की डोळ्यांसमोरून जाते, आणि मग वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही. यंत्र बंद करून चालू करणं हे आमचं सस्पेन्स खातं होतं. आणि त्यात आणखी एक नुकसान होतं, ते मला नंतर कळलं. यंत्र बंद केलं की त्याच्या पोटातल्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणजे चूक शोधायला जो पुरावा लागतो, तो आम्ही दर वेळी स्वतःच्या हाताने फाडून टाकत होतो.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. 3 वर्षांपूर्वी, जून महिन्यात, ब इमारतीच्या पार्किंगमधून एक सायकल गेली. गिअरची, नवी. आठवीतल्या मुलाची होती, त्याच्या आजीने आपल्या पेन्शनमधून घेऊन दिलेली. मुलगा दोन दिवस जेवला नाही. त्या वेळी मी संस्थेचा सेक्रेटरी होतो. आम्ही तिघा-चौघांनी कार्यालयात बसून रेकॉर्डिंग पाहिलं. संध्याकाळी 6 वाजून 12 मिनिटांपर्यंत सायकल दिसते. मग पडदा काळा. 6 वाजून 16 मिनिटांनी चित्र परत येतं, तेव्हा सायकल नाही.

त्या चार मिनिटांत फाटकावर कोण होतं? आपले मामा. जुन्या सभासदांना मामा आठवत असतील. ब च्या फाटकावर ते 9 वर्षं होते. आम्ही मागची काही दिवसांची चित्रं काढून पाहिली. जवळजवळ रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास तीन-चार मिनिटं चित्र गायब, आणि त्याच्या जरा आधी मामा खुर्चीवरून उठून मोटरघराकडे जाताना दिसतात. मोटरघराला लागूनच मीटरची खोली, तिथूनच सगळ्या वायरी वर जातात.

आम्ही मामांना बोलावलं. त्यांनी एकच सांगितलं, "साहेब, मी मोटर लावायला गेलो होतो." आम्हाला वाटलं, झालं, वायरींजवळ गेलो होतो हे यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

मी सुरक्षा एजन्सीला पत्र लिहिलं. 'संशयास्पद वर्तन' हे शब्द माझे, खाली सही माझी. बँकेतल्या सवयीप्रमाणे पत्राचा जावक क्रमांकही घातला. तिसऱ्या दिवशी मामांच्या जागी दुसरा माणूस आला.

आणि पुढे काय झालं? काहीच झालं नाही. म्हणजे आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलंच नाही. माणूस बदलला, प्रश्न मिटला असं धरून चाललो. रोजचं ते काळं चित्र तसंच येत होतं, पण आता ते बघायला कोणी बसत नव्हतं.

जुलैच्या मध्याला एका रात्री ब इमारतीतल्या एका आजींना धाप लागली. त्यांच्या सुनेने खाली फाटकावर सांगितलं. अ इमारतीतल्या डॉक्टरांना बोलवायला वॉचमनने इंटरकॉम उचलला, तर तो बंद. भर पावसात तो धावत रस्ता ओलांडून आला. आजी बऱ्या झाल्या, आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. पण दुसऱ्या दिवशी त्यांची नात माझ्या दारात उभी राहिली. त्या वेळी ती इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, "काका, लिंक कधी कधी पडते याची तुमच्याकडे नोंद आहे का?"

मी 34 वर्षं लोकांकडे नोंद मागितली होती. माझ्याकडे नव्हती.

ती म्हणाली, "मग आपण आधी काहीच बदलायचं नाही. तीन आठवडे फक्त लिहायचं." कार्यालयातल्या संगणकावर तिने एक छोटी व्यवस्था लावून दिली. संगणक दर सेकंदाला ओळीने चार ठिकाणी हाक मारतो. आपला राऊटर, अ च्या गच्चीवरचं यंत्र, ब च्या गच्चीवरचं यंत्र आणि ब च्या फाटकावरचा कॅमेरा. त्याला पिंग म्हणतात. शाळेतली हजेरी समजा. पहिले दोन 'हजर' म्हणाले आणि तिसरा गप्प बसला, तर दोष दोन गच्च्यांच्या मध्ये किंवा पलीकडच्या यंत्रात. तिघे हजर आणि चौथा गप्प, तर दोष कॅमेऱ्यात किंवा त्याच्या वायरीत. कोण कधी गप्प बसलं ते वेळेसकट लिहिलं जातं.

दुसरं, पलीकडचं यंत्र चालू होऊन किती वेळ झाला, हे ते यंत्र स्वतःच सांगतं. लिंक पडून परत आल्यावर तो आकडा बघायचा. आकडा पुढे चालू असेल, तर यंत्र जागं होतं, अडथळा हवेत होता. आकडा शून्यापासून सुरू झाला असेल, तर यंत्राची वीजच गेली होती. एवढ्या साध्या प्रश्नाने अर्धं काम होतं, हे मला फार आवडलं.

तिसरी वही माझी. 200 पानी. रोज सकाळी संगणकाची नोंद मी वहीत उतरवायचो आणि शेजारी पाऊस, वारा, वीज यांचा शेरा लिहायचो.

तीन आठवड्यांत लिंक 97 वेळा पडली. मी हादरलो. ती मुलगी मात्र खूश झाली. म्हणाली, "काका, एवढी नोंद मिळाली म्हणजे सापडणार."

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. फरक आला आणि त्याला 9 ने भाग गेला, तर आम्ही आधी उलटे झालेले अंक शोधायचो. 54 च्या जागी 45 लिहिलं की फरक 9. पण कधी कधी फरक कशालाच दाद देत नाही. तेव्हा अनुभवी हेडक्लार्क सांगायचे, ही एक चूक नाही, दोन-तीन चुका एकमेकींत मिसळल्यात, आधी वेगळ्या करा. मी तेच केलं. तीन रंगांची पेनं घेतली.

ज्या वेळी यंत्राचा आकडा शून्यावर आला होता, त्या नोंदी लाल. त्या 39 निघाल्या. उरलेल्यांपैकी रात्री आठ ते अकरा या वेळातल्या, पाऊस-वारा काही नसताना पडलेल्या, निळ्या. त्या 37. आणि बाकीच्या 21, हिरव्या. या कुठल्याही वेळी होत्या, पण प्रत्येकीच्या शेजारी माझ्या अक्षरात 'पाऊस' किंवा 'वारा' होता. 39, 37 आणि 21 मिळून 97. बेरीज जुळली. आमच्या लिंकला एक रोग नव्हता, तीन होते, आणि म्हणूनच एका रोगाचं औषध तिला लागू पडत नव्हतं.

निळ्यापासून सुरू करतो, ते सोपं आहे. आपली जुनी यंत्रं 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलायची. या पट्ट्यासाठी कोणाला परवाना लागत नाही, म्हणून घराघरातला वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही जवळपास 2.45 वर चालतो. आणि या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल साधारण तीनच मिळतात, 1, 6 आणि 11. आम्ही रात्री नऊला ब च्या गच्चीवर मोबाईलवरचं ॲप उघडून पाहिलं, 41 वायफाय दिसले. रात्री सगळे घरी, सगळ्यांचं काहीतरी चालू, तीन टेबलांवर 41 कुटुंबं जेवायला बसलेली. मग तंत्रज्ञाने शक्ती वाढवून उपयोग का झाला नाही तेही कळलं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना आपण ओरडून बोललो, म्हणून शेजारचे गप्प होत नाहीत.

आता हिरवं. दोन गच्च्यांच्या मध्ये रस्त्याच्या कडेला गुलमोहर आहे. मी म्हटलं, तो अँटेनाच्या खाली आहे, समोरची अँटेना तर स्वच्छ दिसते. तेव्हा त्या मुलीने मला फ्रेनेल समजावून सांगितला. फ्रेनेल हे फ्रेंच शास्त्रज्ञ, 1788 ते 1827 हा त्यांचा काळ, प्रकाशाच्या लहरींवर त्यांनी काम केलं. रेडिओच्या लहरी दोऱ्यासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन अँटेनांमध्ये त्या दुधीभोपळ्यासारखी जागा व्यापतात, टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. आपल्या 120 मीटरला, 2.4 गिगाहर्ट्झवर, मध्यभागी त्या भोपळ्याची त्रिज्या जवळजवळ 2 मीटर येते. निदान साठ टक्के तरी जागा मोकळी हवी. आणि आपला गुलमोहर डोळ्याच्या रेषेच्या जेमतेम हातभर खाली. म्हणजे नजर मोकळी होती, पण लहरींचं पोट फांद्यांना घासत होतं.

आता कळलं की मार्चमध्ये सगळं ठीक का होतं. मार्चमध्ये गुलमोहराला पानं नसतात. जूननंतर तो भरतो, पानं ओली होतात आणि पाणी लहरी शोषून घेतं. दर वर्षी झाड थोडं वाढत गेलं आणि दर पावसाळा जास्त वाईट गेला. सिग्नलची ताकद मोजतात ती उणे आकड्यांत, कर्जखात्यासारखी. उणे जितकं कमी तितकं बरं. कोरड्या दिवशी उणे 58 दिसायचं, पावसात उणे 76. मला वाटलं, 18 चाच तर फरक. ती म्हणाली, "काका, दर 10 ला दहा पट कमी होतं. 18 म्हणजे साठ पटींहून जास्त." व्याजाचं चक्रवाढ मला शिकवायची गरज नव्हती, हेही लगेच समजलं.

सभेत एक सूचना आली की झाड छाटून टाका. त्यावर मला कायदा सांगावा लागला. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय मे महिन्यात त्या गुलमोहराचे फोटो आपणच एकमेकांना पाठवतो. झाडाच्या जागी झाड राहू द्यावं, अँटेना वर न्यावी, असं ठरलं.

आता लाल. या 39 नोंदींच्या वेळा पाहिल्या. सकाळी सहाच्या सुमारास एक, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक. कधी 6.09, कधी 6.21. घड्याळाने चालणारं काही असतं तर ठरलेल्या मिनिटाला पडलं असतं. म्हणजे यामागे माणसाचा हात आहे. तीन आठवड्यांचे 42 वेळा व्हायला हवेत, आहेत 39. तीन कमी कोणते? तिन्ही गुरुवारच्या संध्याकाळी. त्या महिन्यात गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद होतं आणि संध्याकाळची मोटर लावलीच जात नव्हती.

मी वही तशीच टाकून कपाटाकडे गेलो. ब च्या फाटकावर पाण्याची एक वही असते. मोटर कधी लावली, कधी बंद केली, वॉचमनने लिहायचं असा आपलाच ठराव आहे. ती वही आणि माझी वही शेजारी ठेवल्या. बँकेत याला रिकन्सिलिएशन म्हणतात. 6.14 ला मोटर चालू, 6.14 ला लिंक बंद. 6.09, 6.09. 6.21, 6.21. एकही नोंद हुकली नाही.

इलेक्ट्रिशियन आला, त्याने अर्ध्या तासात उलगडा केला. गच्चीवरच्या यंत्राला वीज घेतली होती ती मोटरच्या पॅनेलमधून, लांबलचक बारीक वायरीने. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्याबरोबर त्या वायरीवरचा दाब कोसळतो. चांगला अडॅप्टर असा झोका पचवतो. आपला ब चा अडॅप्टर जुना, आतले कपॅसिटर थकलेले, त्याला ते झेपत नव्हतं. यंत्र बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं, समोरच्याला शोधायचं, मग रेकॉर्डर कॅमेऱ्याला शोधायचा. यात तीन-चार मिनिटं जायची. रोज. मोटर कोणीही लावो.

त्या रात्री मी पाण्याच्या वहीची मागची पानं उलटली. सायकल गेली त्या तारखेला, मामांच्या त्या तिरक्या अक्षरात, लिहिलेलं होतं, 'संध्या. 6.12 मोटर चालू.' वही आपल्याच कपाटात होती. पत्र लिहिण्याआधी मी ती एकदा उघडली असती तर पुरे होतं. माझ्या हाताखालच्या क्लार्कने व्हाउचर न बघता कोणाच्या नावावर रक्कम टाकली असती, तर मी त्याला काय बोललो असतो, हे मला चांगलं माहीत आहे.

सायकल कोणी नेली ते आजही सापडलेलं नाही. आमची वही चोर दाखवत नाही. पण ज्या एका गोष्टीवरून आम्ही मामांना दोषी ठरवलं, तिचा मामांशी काही संबंध नव्हता, एवढं तिने पक्कं दाखवलं.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. आधी अडॅप्टर बदलला, यंत्राची वीज मोटरच्या पॅनेलवरून काढून वेगळ्या फेजवर घेतली आणि मध्ये एक छोटा यूपीएस टाकला. मग दोन्ही गच्च्यांवर जाड पाइप उभे करून अँटेना 3 मीटर वर नेल्या, तारांनी ताण दिले, अर्थिंग करून घेतलं. शेवटी यंत्रं बदलून 5.8 गिगाहर्ट्झवर गेलो. तिथे गर्दी कमी आणि भोपळाही बारीक, मध्यावर सव्वा मीटर. मात्र क्रम महत्त्वाचा होता. या वरच्या पट्ट्याला ओली पानं आणखी जास्त अडवतात, म्हणून आधी वाट मोकळी करायची आणि मग पट्टा बदलायचा. आणि प्रत्येक बदलानंतर आठवडाभर थांबून वही पाहायची, म्हणजे कशाने काय सुटलं ते कळतं. पहिल्या बदलानंतर लाल शाई लागली नाही, दुसऱ्यानंतर हिरवी, तिसऱ्यानंतर निळी. पुढच्या संपूर्ण पावसाळ्यात लिंक दोनदा पडली, दोन्ही वेळा संपूर्ण परिसराचीच वीज गेली होती आणि यूपीएस संपला होता.

आता कबुली.

मी एजन्सीकडून पत्ता घेऊन मामांच्या घरी गेलो. सिंहगड रस्त्याच्या पुढे, भाड्याच्या दोन खोल्या. त्यांच्या मंडळींनी चहा टाकला. मामांना सहा आठवडे काम मिळालं नव्हतं, 'संशयास्पद वर्तन' हा शेरा ज्यांच्या नावापुढे लागला त्यांना दुसरीकडे कोण ठेवणार? नंतर एका गोदामावर रात्रपाळी मिळाली, पगार आपल्याकडच्यापेक्षा कमी. मी म्हटलं, "मामा, चूक माझी आहे. मी तुमचं ऐकलं नाही." आणि पाण्याच्या वहीच्या त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. म्हणाले, "साहेब, मी तर लिहिलंच होतं."

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

समितीने ठराव करून एजन्सीला दुसरं पत्र पाठवलं, पहिलं मागे घेतलं, आणि सहा आठवड्यांचा पगार मामांना दिला. काही सभासद म्हणाले, हे औदार्य झालं. माझ्या हिशेबी ते देणं होतं, उशिरा फेडलेलं. मामा परत आले नाहीत. "आता तिकडे रुळलोय," म्हणाले. मला वाटतं, मीही परत आलो नसतो. ज्या मुलाची सायकल गेली होती, त्याच्या घरी जाऊन मी त्याला बसवून सगळं सांगितलं, दोन्ही वह्या दाखवल्या. दीड महिना तो मामांना चोर समजत होता. मोठ्यांनी सांगितलं म्हणून समजत होता.

पुढच्या समितीला माझी विनंती एवढीच. लिंक असो, लिफ्ट असो, नाहीतर पाण्याची गळती असो, आधी तारीख-वेळेसकट नोंद करा. नोंद होईपर्यंत काही बदलू नका, आणि बदलाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. ब च्या गच्चीची किल्ली जागेवर ठेवा. एप्रिलमध्ये एकदा वर जाऊन अँटेनाचे नट आणि वायरीचे जोड पाहून घ्या, गुलमोहर किती वाढला तेही पाहा. आणि कोणाच्या पोटावर पाय येईल असं पत्र लिहायच्या आधी आपलं कपाट उघडून बघा. माझी 200 पानी वही मी आज अध्यक्षांकडे सुपूर्द करतो आहे, तिची 60-70 पानं अजून कोरी आहेत.

आजींच्या नातीचं कौतुक टाळ्यांनी करा. ती सध्या नोकरीनिमित्त बंगळुरूला असते, पण कार्यक्रमासाठी मुद्दाम आली आहे. तिने मला एकदाही "तुम्हाला नाही कळणार काका" म्हटलं नाही, याबद्दल तिचे आभार.

शेवटचं एक. समितीच्या परवानगीने मी आजच्या जेवणाचं आमंत्रण मामांना आणि त्यांच्या घरच्यांना दिलं आहे. ड्यूटी बदलून मिळाली तर येतो म्हणाले आहेत. आले, तर त्यांना जुन्या ओळखीने हाक मारा, आणि पंगतीत माझ्या शेजारची जागा त्यांच्यासाठी ठेवा.